भाव न करणारं गिऱ्हाईक

आपल्याकडे भाव केल्याशिवाय काही विकत घेतलं जात नाही. आठवडी बाजारातली मेथीची जुडी असो, नाहीतर बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून ठरणारी बैलजोडी असो, पहिल्या किमतीलाच मान डोलावणारा माणूस दिसला की आधी विकणाराच चमकतो. याला एकतर वस्तूतलं काही कळत नाही, नाहीतर याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजतंय, हे त्याच्या लगेच लक्षात येतं. हे शहाणपण आपल्याला कुणी कॉलेजात शिकवलेलं नाही, ते घरातच मिळालंय. पण जुनी वस्तू मोबाइलवर विकायला काढली की तेच शहाणपण आपण बाहेर चपलेजवळ काढून ठेवतो.

आता जूनच घ्या. परीक्षा संपलेल्या असतात. अकोला, अमरावती, पुण्यात शिकणारी आपली पोरं रूम सोडत असतात. कूलर, टेबल, सायकल, गॅसची शेगडी, दोन वर्षं वापरलेला लॅपटॉप, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा गठ्ठा हे सगळं एसटीत घालून रिसोडला किंवा मानोऱ्याला आणणं परवडत नाही. मग फोटो काढायचे आणि ओएलएक्सवर किंवा फेसबुकच्या मार्केटप्लेसवर टाकायचे. यात वावगं काही नाही. "अनोळखी माणसाला विकूच नका" असं सांगणारी मोठी माणसं भेटतात, पण मला ते पटत नाही. जुन्या कॅमेऱ्याला मालेगावात किंवा मंगरूळपीरला किती गिऱ्हाइकं मिळणार? ओळखीतला माणूस तर ओळखीचाच भाव देतो. ऑनलाइन विकणं ही छोट्या गावातल्या पोरांसाठी चांगली सोय आहे. ती बंद करून घरी बसण्यापेक्षा गिऱ्हाईक ओळखायला शिकलेलं बरं.

समजा, तुम्ही साडेतीन हजारांना कूलर टाकला. दहा मिनिटांत फोन येतो. समोरचा गोड बोलतो. कूलर किती जुना आहे, पंप चालतो का, ताट्या कधी बदलल्या, टाकीला गंज आहे का, यातलं एक अक्षरही विचारत नाही. "फोटो पाहिला, पसंत आहे, साडेतीन हजार फायनल." विदर्भातला कोणता माणूस ताट्या न पाहता कूलर घेतो, सांगा बरं? इथंच फोन खाली ठेवायला पाहिजे. पण आपल्याला रूम रिकामी करायची घाई असते, घरमालक मागे लागलेला असतो, आणि पहिलंच गिऱ्हाईक एवढं भलं निघाल्याचा आनंदही असतो. मग तो म्हणतो, "मी ड्युटीवर आहे, माझा माणूस टेम्पो घेऊन येईल. पैसे आत्ताच टाकतो. क्यूआर कोड पाठवलाय, तो स्कॅन करा."

पुढं काय होतं ते देशानं २०२१च्या फेब्रुवारीत पाहिलं. दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीनं जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला होता. गिऱ्हाइकानं आधी थोडीशी रक्कम खात्यात पाठवली आणि विश्वास बसवला. मग क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केल्यावर वीस हजार आले नाहीत, गेले. "चुकून झालं, परत करतो, आता हा दुसरा कोड स्कॅन करा" असं त्यानं सांगितलं आणि आणखी चौदा हजार गेले. एकूण चौतीस हजार. शिकलेली, मुख्यमंत्र्यांच्या घरातली मुलगी. त्यामुळे "खेड्यातली पोरं भोळी असतात म्हणून फसतात" हे आधी डोक्यातून काढून टाका. हा सापळा अडाणीपणासाठी लावलेलाच नसतो. तो घाईसाठी आणि सभ्यपणासाठी लावलेला असतो. समोरचा एवढा विश्वास दाखवतोय आणि आपण त्याच्यावर शंका घ्यायची, याचा आपल्याला संकोच वाटतो, आणि त्याला तेवढाच संकोच पुरतो.

त्यातही तो आधी पाठवलेला एक रुपया किंवा पाच रुपये नीट पाहा. आपण समजतो, पैसे आले म्हणजे माणूस खरा. उलट आहे. साडेतीन हजारांची वस्तू घेणारा माणूस "चेक करायला" पाच रुपये पाठवतो आणि नंतर लगेच कोड पाठवतो, तेव्हा तो तुमचं खातं नाही, तुम्हाला तपासत असतो. ज्या नंबरवर पाच रुपये आले त्याच नंबरवर तीन हजार चारशे पंच्याण्णवही येऊ शकतात. मग मध्येच कोड कशाला लागतो?

यूपीआय २०१६ साली आलं. आज चहाच्या टपरीवरही त्याचं स्टिकर असतं. पण चहावाल्याला पैसे घेताना कधी काही स्कॅन करताना पाहिलंय का? तो स्टिकर लावून निवांत बसतो, स्कॅन आपण करतो. देणारा स्कॅन करतो, देणारा पिन टाकतो. घेणाऱ्यानं काहीच करायचं नसतं. पिन लागतो तो पैसे पाठवायला आणि फार तर बॅलन्स बघायला. एवढं एक वाक्य कायमचं डोक्यात बसलं तर निम्मे सापळे तिथंच संपतात. एनपीसीआय, म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था, तिनंही एक दार लावून घेतलंय. अनोळखी माणूस तुम्हाला "पैसे मागण्याची विनंती" पाठवायचा आणि तुम्ही ती "पैसे आले" असं समजून मंजूर करायचात. व्यक्ती ते व्यक्ती अशी ती कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला तिनं बँकांना आणि अ‍ॅपना सांगितलं. चांगलं झालं. पण क्यूआर कोड तर राहिलाच, आणि फसवणारे काही दुकान बंद करून शेतीला लागलेले नाहीत.

"ड्युटीवर आहे" हा शब्द मुद्दाम वापरलाय. या फसवणुकीत सर्वांत जास्त चालणारं सोंग म्हणजे फौजीचं. लष्कर किंवा सीआयएसएफमध्ये असल्याचं सांगायचं, वर्दीतला डीपी, ओळखपत्राचा फोटो, कँटीनचं कार्ड, सगळं न मागता पाठवायचं. आपल्या भागात घराघरात भरतीची तयारी चालते. पहाटे साडेचारला रस्त्यावर धावणारी पोरं आपलीच असतात. त्यामुळे वर्दी दिसली की आपला आवाज आपोआप खाली येतो. फसवणाऱ्याला हे पक्कं माहीत आहे. पण थोडा विचार करा, खरा जवान स्वतःचं ओळखपत्र एका अनोळखी कूलरवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर का पाठवेल? तुम्ही मागितलंच नव्हतं ना? न मागता पुरावा देणारा माणूस बाजारात भेटला असता तर तुम्ही काय म्हटलं असतं? "काहून एवढं सांगून राह्यला बे?" हेच ना? मग फोनवरही तेच म्हणा. "आर्मीची पेमेंटची पद्धत वेगळी असते, आधी तुम्ही पाठवा, मग दुप्पट जमा होईल" असं कुणी सांगितलं तर पुढचं ऐकूही नका. अशी पद्धत कुठल्याही सैन्यात नाही.

क्यूआर कोडची गोष्ट आता बरीच जुनी झाली, बऱ्याच जणांना माहीत आहे. म्हणून नवे प्रकार आलेत. एकात गिऱ्हाईक खरंखुरं समोर येतं, वस्तू हातात घेतं, आणि पैसे पाठवल्याचा हिरवा टिकमार्क दाखवतं. तो टिकमार्क दाखवणारी बनावट अ‍ॅप असतात. नाव, रक्कम, वेळ सगळं बरोबर येतं, फक्त पैसे येत नाहीत. दुसऱ्यात तुमच्या फोनवर "रु. ३५,००० जमा" असा एसएमएस येतो आणि मागोमाग रडवेला फोन: "साडेतीन हजारांऐवजी पस्तीस हजार गेले हो, बाकीचे परत पाठवा, बहीण दवाखान्यात आहे." एसएमएस कुठून आला ते पाहा. बँकेचा खरा संदेश साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. आणि संदेश कसाही असो, स्वतःचं बँकेचं अ‍ॅप उघडून खात्यात रक्कम दिसेपर्यंत वस्तू सोडायची नाही. घरी सोयाबीन विकायला नेलं की हर्रासी झाल्यावर बाबा काट्याजवळ उभे राहतात, आकडा स्वतः पाहतात. व्यापाऱ्याला त्याचा राग येत नाही. इथंही येऊ नये. आलाच तर ते गिऱ्हाईक जाऊ द्या.

तिसरा प्रकार फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तो सर्वांत वाईट वाटतो. पैसे खरोखर येतात. पूर्ण येतात, कधी जास्तही येतात. पण ते दुसऱ्याच माणसाच्या खात्यातून येतात, "माझ्या मित्रानं पाठवले" असं सांगून. तो "मित्र" म्हणजे दुसऱ्या राज्यात कुठंतरी फसवला गेलेला माणूस असू शकतो. त्यानं तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढतात, आणि तो माग तुमच्या खात्यापाशी येतो. खातं गोठतं. त्यातच शिष्यवृत्ती येते, त्यातच घरून पैसे येतात. मग परराज्यातल्या सायबर पोलिसांना तुम्ही फक्त एक जुना लॅपटॉप विकला हे कसं पटवणार? म्हणून खरेदी करणाऱ्याचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव एक आहे का, हे विचारायला लाजू नका. जास्तीचे पैसे आले तर ते सांगितलेल्या तिसऱ्याच नंबरवर "परत" पाठवू नका, बँकेला कळवा. आणि वस्तू विकत घ्यायला आलेला माणूस "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो" म्हणाला, तर तो तुम्हाला गुन्ह्यात भागीदार करतोय, एवढं साधं आहे ते.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण या विषयावरच्या गप्पा नेहमी तिकडे घसरतात. "हिंदीत बोलला की समजायचं", "नावावरूनच कळतं" असले सल्ले कट्ट्यावर सर्रास मिळतात. हरियाणातल्या नूह जिल्ह्यात एप्रिल २०२३ मध्ये हजारो पोलिसांनी एकाच वेळी अनेक गावांवर छापे घातले, झारखंडच्या जामताऱ्यावर तर वेबसिरीज निघाली, त्यामुळे काही भागांची नावं बदनाम झाली हे खरं. पण आपल्या जिल्ह्यात मराठी, हिंदी, उर्दू, गोरमाटी बोलणारी माणसं एकाच बाकावर बसून शिकतात. माणसाची भाषा, आडनाव, चेहरा यावरून संशय घेतलात तर दोन नुकसानं होतील. चांगलं गिऱ्हाईक अपमानित होऊन जाईल, आणि अस्सल मराठीत, "दादा, मी पण वाशिमचाच" म्हणत आलेला भामटा सहज आत शिरेल. संशय घ्यायचा तो वागण्यावर. भाव करत नाही, वस्तू पाहत नाही, घाई करतो, भेटायला तयार नाही, अ‍ॅपवरची चॅट सोडून लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हणतो, "व्हेरिफिकेशनसाठी" तुमच्या फोनवर आलेला सहा आकडी कोड मागतो, कुठली तरी फाइल पाठवून ती इन्स्टॉल करायला लावतो. यात धर्म, जात, प्रांत कुठं आला?

मुलींना विकताना आणखी एक त्रास असतो, त्यात पैशाचा प्रश्नच नसतो. ड्रेस किंवा सँडल विकायला टाकली की "घालून फोटो पाठव" म्हणणारे, सायकलच्या निमित्तानं रात्री अकराला फोन करणारे, रूमचा पत्ता खोदून खोदून विचारणारे. अशांना "गिऱ्हाईक आहे, जरा सांभाळून घे" म्हणून उत्तर देत बसायची काही गरज नाही. ब्लॉक करा, तक्रार नोंदवा, मोकळ्या व्हा. फोन नंबर जाहिरातीत दिसू न देण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते, ती चालू ठेवा. भेट दिवसा, गर्दीत, मैत्रिणीला सोबत घेऊन. पाटणी चौक आहे, बसस्टँड आहे. रूमवर कुणालाही बोलवायचं नाही, कितीही "ताई" म्हणाला तरी.

गाडीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथं पैसे हातात आले तरी सुटका होत नाही. एमएच ३७ची तुमची जुनी बाइक कुणीतरी रोख पैसे मोजून नेली, "नावावर नंतर करून घेतो" म्हणाला, तर तो तुमच्यासाठी संशयितच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० असतात. सर्वोच्च न्यायालयाचा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा ६ फेब्रुवारी २०१८चा निकाल वाचण्यासारखा आहे. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढं आणखी हात बदललेले, अपघात झाला २००९ मध्ये. भरपाईची जबाबदारी कुणावर? तर कागदावर ज्याचं नाव होतं त्या मूळ मालकावर. कागदावर सही करायला टाळाटाळ करणारं गिऱ्हाईक दोन हजार जास्त देत असलं तरी नको. मोबाइल विकतानाही हेच. स्टार, हॅश, शून्य सहा, हॅश दाबून आयएमईआय नंबर काढा, साध्या कागदावर तो नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. खरं घेणारा पाच मिनिटं थांबतो.

आणि तरीही फसलात तर? इथं माझी तक्रार पोरांपेक्षा मोठ्या माणसांवर जास्त आहे. चार हजार गेले म्हणजे आपल्याकडे दोन महिन्यांची मेस गेली. पण पोरगा घरी सांगत नाही, कारण पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "एवढा शिकून काय उपयोग?" पोलीस ठाण्यातही पहिला प्रश्न "पिन तूच टाकला ना?" असा आला की तो तिथूनच परत फिरतो. या लाजेतच वेळ जातो, आणि या खेळात वेळच सगळं असतो. १९३० हा हेल्पलाइन नंबर त्यासाठीच आहे. तक्रार लगेच गेली तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी थांबवता येतात, उद्या सकाळी जाऊ म्हटलं तर तोवर ते एटीएममधून निघालेले असतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्याही तक्रार देता येते. बँकेलाही त्याच तासात कळवायचं, त्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं, अशी विभागणी आहे. म्हणजे दहा मिनिटं आधी केलेल्या फोनलाही किंमत आहे. आणि "पिन तूच टाकला" म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. खोटं नाव, खोटी ओळख सांगून संगणकाच्या मदतीनं फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेतही आहे. फसवून पिन टाकायला लावला, हीच तर तक्रार आहे.

२०२४ या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत २२ हजार ८०० कोटी रुपयांहून जास्त गेल्याचं सरकारनं लोकसभेत सांगितलं. त्यात आपला कूलर कुठल्या कोपऱ्यात असेल कोण जाणे. पण एवढा आकडा होईपर्यंत सगळी जबाबदारी विकणाऱ्याच्या "जागरूकते"वर टाकणंही मला पटत नाही. जाहिराती दाखवून पैसे कमावणाऱ्या अ‍ॅपना कालच उघडलेलं, आजच चाळीस जणांना "फायनल" म्हणणारं खातं दिसत नाही का? दिसतं. मग तिथं लाल पट्टी का येत नाही? सूचना बारीक अक्षरात तळाशी लिहून त्यांचं काम संपतं, आणि आपण कॉलेजात सायबर जागृतीची पोस्टर स्पर्धा घेऊन आपलं संपवतो. पहिलं बक्षीस हुडी घातलेल्या हॅकरच्या चित्राला. खरा भामटा हुडी घालत नाही, तो "सर" म्हणतो.

पोस्टरपेक्षा मला एक दिवस मैदान मिळालं तर जास्त आवडेल. सत्र संपतं त्या आठवड्यात कॉलेजनं एक शनिवार द्यावा, एनएसएसच्या पोरांनी दोन टेबलं लावावीत. जुनी पुस्तकं, सायकली, कूलर, ड्रॉइंग बोर्ड, लॅब कोट, जे विकायचं ते तिथं मांडायचं. शेवटच्या वर्षाच्या पोरांना गिऱ्हाईक मिळेल, पहिल्या वर्षाच्यांना स्वस्तात वस्तू मिळतील. वस्तू हातात घेऊन पाहता येईल, एक्स्टेन्शन बोर्ड ओढून पंप चालू करून दाखवता येईल, पैसे खात्यात आलेले तिथल्या तिथं पाहता येतील, टेबलावरच्या वहीत दोघांची नावं आणि सह्या होतील. आणि साडेतीन हजारांचा कूलर अर्धा तास घासाघीस होऊन एकोणतीसशेला जाईल.